म्हाताऱ्यानं फसवलं म्हणे!

शेंद्र्याला कोरियाचं वावडं असायचं काही कारण नाही. आमच्या औद्योगिक वसाहतीत ह्योसंग या कोरियन कंपनीचा कारखाना आहे आणि तिथं स्पँडेक्सचा, म्हणजे ताणावा तितका ताणणारा धागा निघतो. पण त्याच देशाचा एक रहस्यपट आमच्या कॉलनीनं पाहिला आणि तेव्हापासून ज्याच्या त्याच्या तोंडी एकच तक्रार : 'फसवलं हो!'

चित्रपट 'मेमॉयर ऑफ अ मर्डरर'. साल २०१७, दिग्दर्शक वॉन शिन-यॉन. मूळ कादंबरी किम यंग-हा यांची, २०१३ची. नायक जनावरांचा डॉक्टर. तरुणपणी त्यानं खून पाडलेत आणि आता त्याला अल्झायमर झालाय. गावाकडे पुन्हा बायकांचे खून होऊ लागतात. एकदा धुक्यात याची गाडी एका तरुणाच्या गाडीवर आदळते आणि त्या गाडीच्या डिकीतून रक्त ठिबकताना याला दिसतं. तरुण निघतो पोलीस, आणि पुढं याच्याच मुलीशी सूत जमवतो! विसरू नये म्हणून म्हातारा सगळं टेपमध्ये बोलून ठेवतो. शेवट सांगत नाही. मला याच कॉलनीत राहायचंय.

आता मला सांगा, यात फसवणूक कुठली? गडी विसरतो, हे सुरुवातीलाच स्वच्छ सांगितलंय. तरी तुम्ही त्याच्या शब्दावर विसंबलात आणि वर दिग्दर्शकाच्या नावानं बोटं मोडता! हीच मंडळी जालना रोडवरच्या प्लॉटवाल्याच्या 'शहर इथून दहा मिनिटं' या वाक्यावर विसार देऊन बसली आहेत. दहा मिनिटं कशानं, हेलिकॉप्टरनं का, असं एकानंही विचारलं नाही. त्याला मात्र चांगला माणूस म्हणतात.

फसवणूक पाहायची तर जुन्या हेरकथांत पाहा. दोनशे पानं आपण माळ्यावर संशय घ्यायचा आणि शेवटच्या पानावर रंगूनहून जुळा भाऊ उतरायचा! पुरावा लेखकाच्या खिशात आणि आपण चाचपडतोय. उलट अगाथा ख्रिस्तीबाईंनी १९२६ साली एक कादंबरी लिहिली (नाव मुद्दाम घेत नाही), तेव्हाही वाचकांनी अशीच ओरड केली होती. पुन्हा पानं उलटून पाहिली तर बाईंनी सगळं डोळ्यांपुढं मांडलेलं. न्यायचं ते आपण नेलं नाही, एवढंच.

आपल्याकडेही सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' आहे, २०१३चा. त्यात मोहन आगाशांचे संस्कृत पंडित स्मृती गमावून एका हत्तीच्या मागं चालू लागतात. आमच्या कॉलनीनं तो पाहिला तेव्हा रुमाल भिजले होते. का? तर तिथं आपण लेकीच्या शेजारी उभं राहून बापाला शोधतो. शोधणाऱ्याच्या पायाखाली जमीन असते. कोरियावाल्यानं आपल्याला थेट म्हाताऱ्याच्या डोक्यातच नेऊन बसवलं. तिथली खुर्ची डगमगते. म्हणून का सुताराला शिव्या द्यायच्या? डगमगणं हाच तर त्या डोक्याचा आजार!

हा वाद नुसत्या सिनेमाचा असता तर मी शाई खर्च केली नसती. पण आमच्या मागच्या गल्लीत एक आजी आहेत. वर्षभर त्या दारात येईल त्याला सांगत, 'सून जेवायला घालत नाही.' कॉलनीनं ते जसंच्या तसं खरं मानलं. त्या बिचारीला हळदीकुंकवाला कुणी नीट बोलेना. पुढं डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, तेव्हा हीच कॉलनी उलटली आणि म्हणू लागली, 'म्हातारी खोटारडी हो!' अहो, खोटारड्याला खरं ठाऊक असतं. आजींना त्या घटकेला खरोखर भूक असते आणि ताट आठवत नसतं. त्यांच्यापुरतं जेवण झालेलंच नाही. सून वाईट, नाहीतर आजी वाईट, यापलीकडं कॉलनीची अक्कल जात नाही.

सुनेनं मात्र वाद घातला नाही. फडताळावर एक वही ठेवली. 'साडेनऊ. दीड भाकरी, पिठलं, ताक.' खाली आजींची सही. परवा मी बसलो असतानाच आजी भुकेची तक्रार घेऊन आल्या. सुनेनं वही पुढं केली. आजींनी चष्मा लावून सही निरखली आणि म्हणाल्या, 'सही माझीच आहे गं. पण जेवलं कोण?'