पेढीचा गल्ला आणि भागधारकाचा पैसा

इचलकरंजीतील यंत्रमागाचा कारखाना असो, जळगावची डाळ गिरणी असो की सांगलीची हळदीची पेढी, धंदा एका मर्यादेपलीकडे वाढला की भांडवलाचा प्रश्न उभा राहतो. बँक तारण मागते. घर आणि गोदाम आधीच गहाण पडलेले असते. सोयऱ्याधायऱ्यांकडून हातउसने किती आणावे, यालाही सीमा असते. अशा उद्योगांसाठी मुंबई शेअर बाजाराने 13 मार्च 2012 रोजी लघु व मध्यम उद्योगांचा स्वतंत्र मंच सुरू केला. त्याच वर्षी राष्ट्रीय शेअर बाजाराचा ‘इमर्ज’ हा मंचही आला.

या मंचाचे सारे मर्म सवलतीत आहे. भागविक्रीनंतर ज्या कंपनीचे भरणा झालेले भांडवल 25 कोटी रुपयांपर्यंत राहते, तिला येथे प्रवेश मिळू शकतो. मोठ्या कंपन्यांना दर तिमाहीस निकाल जाहीर करावे लागतात. येथे सहामाही निकाल पुरतात. संचालक मंडळाची रचना आणि समित्या यांविषयीचे सूचीकरणाचे बरेच नियम येथे शिथिल आहेत. माहितीपत्रकाची छाननी सेबी करीत नाही, ते काम शेअर बाजाराकडे असते. दहा कोटी उभे करणाऱ्याने हजार कोटी उभे करणाऱ्याइतकाच कागदपत्रांचा खर्च सोसावा, हे न्याय्य नव्हतेच. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेनेही वाढत्या कंपन्यांना अशीच सूट देणारा कायदा केला. तिने मात्र त्या सुटीला साधारण पाच वर्षांची मुदत घातली, हा शहाणपणा ध्यानात घेण्याजोगा आहे.

सवलतीच्या बदल्यात काही जबाबदाऱ्याही आल्या. संपूर्ण भागविक्रीची हमी द्यावी लागते आणि त्यातील किमान 15 टक्के भार मर्चंट बँकरने स्वतःच्या शिरावर घ्यावा लागतो. बाजाराच्या भाषेत सांगायचे तर, माल खपला नाही तर दलालानेच तो उचलायचा. शिवाय सूचीकरणानंतर तीन वर्षे खरेदी आणि विक्री असे दोन्ही भाव देत राहणारा मार्केट मेकर नेमावा लागतो.

तरीही 2024 साली या मंचावर जे घडले ते विचार करायला लावणारे होते. दुचाकींची दोन विक्री दालने आणि आठ कर्मचारी असलेल्या दिल्लीच्या एका कंपनीने ऑगस्टमध्ये सुमारे 12 कोटी रुपये मागितले. अर्ज आले ते सुमारे 4,800 कोटींचे! त्यात कंपनीने कोणता नियम मोडला असे नव्हे. माहितीपत्रकात दालने किती आणि माणसे किती, हे लिहिलेलेच होते. वाचले किती जणांनी, एवढाच प्रश्न.

सेबीने त्याच महिन्यात गुंतवणूकदारांना सावधगिरीचा इशारा दिला. त्याआधी जुलैमध्ये राष्ट्रीय शेअर बाजाराने या भागांचा पहिल्या दिवसाचा आरंभीचा भाव विक्री किमतीच्या 90 टक्क्यांहून अधिक वर जाऊ नये, असे बंधन घातले होते. मग 18 डिसेंबर 2024 रोजी सेबीच्या मंडळाने नियम कडक केले. मागील तीन वर्षांपैकी दोन वर्षांत किमान एक कोटीचा परिचालन नफा हवा. जुन्या भागधारकांनी विकायचे भाग एकूण विक्रीच्या 20 टक्क्यांपलीकडे नसावेत. आणि उभारलेल्या पैशातून प्रवर्तकांची देणी फेडू नयेत.

व्यापारी घराण्यांना सर्वांत अधिक लागू पडतो तो हा शेवटचा नियम. पेढीतून मुलाच्या लग्नासाठी उचल घ्यावी, धाकट्या भावाच्या दुकानाला चार महिने रक्कम वापरू द्यावी, मुनीमाने ती नावे टाकावी आणि दिवाळीला हिशेब जुळवावा, यात घरच्या पेढीत कोणी गैर मानीत नाही. पैसा घरचाच असतो. परंतु भाग विकले गेल्याच्या दिवसापासून त्या गल्ल्यात परक्यांचाही पैसा असतो आणि तीच उचल कंपनीच्या निधीचा गैरवापर ठरू शकते. सहामाही निकालांची मुभा म्हणजे सहा महिने कोणी विचारणार नाही अशी मोकळीक, असा अर्थ काही प्रवर्तक लावतात. तो आत्मघातकी आहे. ज्या घराला या मंचावर जायचे आहे त्याने निदान दोन वर्षे आधी कुटुंबीयांची उचलखाती मिटवावीत, काम करणाऱ्या प्रत्येकाचा पगार ठरवावा, आईच्या नावावरील गोदामाचा भाडेकरार रीतसर लिहून घ्यावा. मुलांपैकी कोण संचालक आणि कोण नुसता वारस, हेही तेव्हाच बोलून घेतलेले बरे. हे बोलणे कागदपत्रांहून अवघड असते.

पैसा गुंतवणाऱ्या घरांसाठीही चित्र बदलले आहे. नव्या नियमांनुसार किमान अर्ज आता दोन लाखांहून अधिक रकमेचा करावा लागतो. माहितीपत्रकाचा मसुदा मात्र 21 दिवस जनतेच्या अभिप्रायासाठी खुला राहतो. त्यात उधारी किती दिवसांनी वसूल होते आणि नफा कागदावर आहे की रोकडीत, हे व्यापाऱ्याच्या नजरेला चटकन दिसते. संबंधित व्यक्तींशी झालेल्या व्यवहारांचा तक्ता त्याच मसुद्यात असतो. वाचनाचा आरंभ तेथूनच करावा.