फिरत्या बिऱ्हाडाला थारा हवा

गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावच्या राहुट्यांत सुपाऱ्या ठरतात आणि तमाशाचे फड जत्रांच्या वाटेला लागतात. बस आणि मालमोटार हेच त्यांचे बिऱ्हाड. रात्री वग, दिवसा प्रवास. अशाच फडावर आयुष्य वेचलेल्या विठाबाई नारायणगावकर २००२ साली निवर्तल्या, तेव्हा रुग्णालयाचे बिल देणगीदारांना भरावे लागले. आज शासन त्यांच्या नावे जीवनगौरव पुरस्कार देते. परंतु मरणोत्तर मान हा जिवंतपणीच्या हेळसांडीवरचा उतारा नव्हे.

याचा विचार ठाण्याच्या वागळे इस्टेटनेही करावा. १९६२ साली स्थापन झालेल्या औद्योगिक विकास महामंडळाची ही पहिली वसाहत. घाटावरून येथे राबायला आलेल्या कामगाराने गावची जत्रा सोडली नाही. त्याच्या वर्गणीवरही फड जगले. ज्या भूमीवर यंत्रांसाठी भूखंड, वीज, पाणी आखून देता आले, तेथे फडाच्या गाड्यांना चार दिवस मैदान, नळ आणि शौचालय देणे अशक्य का असावे? यात उपकार कसला? ज्यांनी कष्टकऱ्यांचा शीण घालविला, त्यांचे हे देणे आहे. ते त्यांच्या हयातीतच फेडले पाहिजे.