पडद्यावरील याद्या : तयार चौकटी कीं सुटें सामान?

एका वाचनालयाच्या चिटणिसांचें पत्र आमच्यापुढें आहे. त्यांच्या पुतण्यानें संस्थेच्या जुन्या संगणकावर, केवळ अक्षरें दाखविणाऱ्या टर्मिनलच्या काळ्या पडद्यावर, पुस्तकांच्या देवघेवीची व्यवस्था करून देण्याचें पत्करिलें आहे. मुलगा हुशार आहे. सर्व कांहीं 'एन्कर्सेस' या लायब्ररीच्या आधारें मुळापासून लिहावें असा त्याचा हट्ट आहे. दोन महिन्यांनीं तो नोकरीनिमित्त परगांवीं जाणार; मागें राहणार ते एक वयस्क कारकून आणि सभासदांची सारी नोंद. चिटणीस विचारितात, त्याला अडवावें काय?

अडवूं नये; परंतु तो काय हातीं घेत आहे हें समजून घ्यावें. १९८० च्या सुमारास बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठांत केन अर्नोल्ड यांनीं 'कर्सेस' लिहिली. त्या वेळीं टर्मिनल मंदगति तारेनें संगणकाशीं जोडलेला असे; सारा पडदा पुन्हा काढावयाचा म्हणजे माणसानें हात जोडून वाट पाहावी. म्हणून कर्सेस पडद्याचें एक चित्र आपल्यापाशीं ठेवी, नव्या चित्राशीं तें ताडून पाही, आणि जेवढा फरक तेवढाच तारेवर पाठवी. १९९३ मध्यें प्रसिद्ध झालेली एन्कर्सेस हा तिचाच मुक्त अवतार होय. सामान उत्तम आहे, पण तें सामानच आहे. बाणाची कळ दाबली असतां कोणती ओळ उजळावी, खिडकी लहान केल्यास यादी कशी आटोपावी, प्रोग्रॅम मध्येंच कोसळल्यास टर्मिनल पूर्ववत् कोणीं करावा, ही सारी काळजी लिहिणारानेंच वाहावयाची. शेवटची गोष्ट राहून गेली तर कारकुनाला स्वतः टाइप केलेलीं अक्षरेंहि दिसेनाशीं होतात. अशा वेळीं न दिसतां 'रीसेट' ही आज्ञा देण्याचें धैर्य त्या बिचाऱ्यापाशीं कोठून असणार! एन्कर्सेसबरोबर 'मेन्यू' व 'फॉर्म' ह्या दोन जोडलायब्रऱ्या येतात, त्यांनीं श्रम हलके होतात. परंतु कळ आणि ओळ यांची गांठ आपणच घालावी लागते.

उलटपक्षीं 'डायलॉग' व 'व्हिपटेल' ह्या तयार चौकटी. शेलच्या एका आज्ञेंत मथळा, यादी व लांबीरुंदी सांगितली कीं चौकट उभी राहते. रास्पबेरी पायची मांडणी करणारा 'रास्पी-कॉन्फिग' व्हिपटेलवरच चालतो. डायलॉगच्या पोटीं एन्कर्सेसच आहे. व्हिपटेल 'न्यूट' या हलक्या लायब्ररीवर उभें आहे. आज्ञा पुष्कळशा सारख्या, मात्र अनेक रकान्यांचा फॉर्म डायलॉगपाशीं आहे, व्हिपटेलपाशीं नाहीं.

ह्या सोयीच्या मार्गांतहि एक खांच आहे, आणि ती आम्हांस फार महत्त्वाची वाटते. निवडलेलें उत्तर नेहमींच्या वाटेनें येत नाहीं. ती वाट चौकट काढण्यांत गुंतलेली असल्यामुळें तें चुकांच्या वाटेनें बाहेर पडतें. शिवाय मान्य केल्यास ०, रद्द केल्यास १ आणि एस्केपची कळ दाबल्यास २५५ असा अंक मागें राहतो. हा अंक न तपासतां पुढें गेल्यास, कारकुनानें गोंधळून एस्केप दाबावें आणि प्रोग्रॅमनें बिननांवाच्या सभासदास पुस्तक द्यावें, असा प्रकार घडेल. नोंद पुसण्याच्या आज्ञेपुढें असें रिकामें नांव गेलें तर काय होईल?

आतां निवड. तयार चौकट एक उत्तर घेते आणि मिटते. सभासदाचा क्रमांक, पुस्तकाचा क्रमांक, तारीख, एवढ्या देवघेवीस डायलॉगचा फॉर्म पुरेसा आहे, आणि ती शेलची पांचपन्नास ओळींची लिपि गांवांतला दुसरा कोणीहि जाणता मुलगा उद्यां दुरुस्त करूं शकेल. पण एकेक अक्षर टाइप होतांना पुस्तकांची यादी गाळीत जावी असें हवें असेल, तर तें ह्या चौकटींना साधत नाहीं. तेथें एन्कर्सेसच पाहिजे. तेवढा शोध पुतण्यानें हौसेनें निराळा लिहावा, व त्यानें नोंदवही केवळ वाचावी, तींत लिहूं नये. तो बिघडला तरी देवघेव थांबणार नाहीं. पायथॉन येत असल्यास त्यांत लिहावा. त्यांतील कर्सेसबरोबर 'रॅपर' नांवाची सोय मिळते, ती प्रोग्रॅम चुकीनें थांबला तरी टर्मिनल पूर्ववत् करून देते.

एक अडचण मात्र दोन्ही मार्गांना सारखीच आहे. टर्मिनल अक्षरांना मोजून सारख्या रुंदीचीं घरें देतो. आपल्या काना-मात्रा आणि जोडाक्षरें त्या हिशेबांत नीट बसत नाहींत. 'श्रीकृष्ण' हें नांव आलें कीं उजवीकडील रेघ सरकण्याचा संभव असतो. तेव्हां यादींत क्रमांक डावीकडे ठेवून नांव त्यापुढें लिहावें, म्हणजे चौकट वांकडी झाली तरी क्रमांक वाचतां येईल. पुतण्यानें हा प्रयोग संस्थेच्याच यंत्रावर, खऱ्या सभासदांच्या नांवांनीं, गांव सोडण्यापूर्वीं करून पाहावा. आणि त्या वेळीं कळा दाबावयास कारकुनांनाच बसवावें.