खोट्या आकाशातली शिस्त

विमान खोटं, धावपट्टी पडद्यावरची, इंधनाला दमडीचा खर्च नाही. कानात येणारा नियंत्रकाचा आवाज तेवढा खऱ्या माणसाचा. २००१ साली सुरू झालेल्या 'व्हॅटसिम' या ऑनलाइन नेटवर्कवर जगभरचे हौशी वैमानिक आणि बिनपगारी नियंत्रक एकाच आभाळात भेटतात. नियंत्रकाची खुर्ची मागताक्षणी मिळत नाही. आधी जमिनीवरची विमानं हलवायची, मग टॉवर, मग अप्रोच. प्रत्येक पायरीला प्रशिक्षण आणि परीक्षा. मिळालेली सूचना वैमानिकानं परत म्हणून दाखवायची, म्हणजे ऐकण्यातली चूक तिथंच पकडली जाते. नियंत्रक हजर नसेल, तर बहुतेक ठिकाणी १२२.८ या सामाईक फ्रिक्वेन्सीवर आपला बेत आपणच जाहीर करायचा. (इंडिकेटर न देता वळणाऱ्या आपल्या दुचाकीस्वारांना इथं महिनाभर धाडायला हवं!) अपहरणाचा ७५०० हा संकेत गंमत म्हणूनही लावायचा नाही, हा नियम तर मला फारच आवडतो.

'क्रॉस द पॉन्ड' या व्हॅटसिमच्या सामूहिक उड्डाणाच्या दिवशी अटलांटिकवर अक्षरशः जत्रा भरते. या अंकात मात्र आपण मुंबईत उतरणार आहोत: एकमेकींना छेदणाऱ्या दोन धावपट्ट्या नियंत्रकाला किती घाम फोडतात, ते मुख्य लेखात वाचा.