पूर्वजांचे फोटो आणि काळी शाई

आपल्या अर्धापूर परिसरातील अनेक घरांत भिंतीवर फेटा बांधलेल्या आजोबांचे वा पणजोबांचे कृष्णधवल छायाचित्र आढळते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा निजामी राजवटीतून मुक्त झाला. तो काळ पाहिलेल्या पिढीची कित्येकदा एवढी एकच खूण घरात उरलेली असते. फोटो जीर्ण झाला म्हणजे आपण तो स्टुडिओत नेतो, स्कॅन करून मोठी प्रत छापून घेतो आणि जुना फोटो अडगळीत टाकतो. परंतु नवी प्रत कोणत्या शाईने छापली, हे आपण कधी विचारतो काय?

काळा तो काळाच, त्यात निवड कसली, असे वाटणे साहजिक आहे. वस्तुस्थिती मात्र निराळी आहे. चार किंवा सहा शायांचा साधा इंकजेट प्रिंटर फोटोच्या कागदावर करडी छटा प्रामुख्याने निळी, किरमिजी व पिवळी शाई मिसळून तयार करतो. प्रमाण थोडे चुकले की आजोबांचा चेहरा हिरवट किंवा तांबूस दिसतो. शिवाय या शाया बहुधा ‘डाय’ जातीच्या, म्हणजे विरघळणाऱ्या रंगाच्या असतात. ऊन, दमटपणा व हवेतील ओझोन यांमुळे त्या विटतात, आणि तिन्ही सारख्या वेगाने विटत नाहीत. त्यामुळे चित्रावर भलताच रंग चढतो.

‘पिगमेंट’ शाईत रंगाचे सूक्ष्म कण असतात व ते अधिक टिकतात. त्यातही काळ्या पिगमेंटचा मुख्य घटक कार्बन, म्हणजे आपले काजळच! काजळाच्या शाईने लिहिलेल्या जुन्या पोथ्यांचे कागद पिवळे पडले, पण अक्षर शेकडो वर्षांनंतरही काळेभोर आहे.

अर्थात एकटी गडद काळी शाई पुरत नाही. कपाळ, पांढरे धोतर अशा उजळ भागांत तिचे ठिपके उठून दिसतात. म्हणून फिकट करड्या शायांची जोड लागते. एप्सन कंपनीने २००५ साली आणलेल्या ‘अल्ट्राक्रोम के-३’ संचात काळ्याच्या तीन छटा होत्या, त्या याचसाठी. कागदही पाहावा लागतो. चकचकीत कागदास ‘फोटो ब्लॅक’, तर मॅट कागदास ‘मॅट ब्लॅक’ शाई मानवते.

कोणी म्हणेल, ही शाई महाग आहे आणि स्कॅन तर मोबाइलमध्ये आहेच. विटली प्रत तर पुन्हा छापू. वाढदिवसाच्या फोटोपुरते हे म्हणणे मला मान्य आहे. परंतु मोबाइल बिघडतो, हरवतो. आणि दहा वर्षांनी ते स्कॅन शोधणार कोण? ज्या माणसाचा दुसरा फोटो निघणेच शक्य नाही, त्याच्या बाबतीत चार पैशांची काटकसर शहाणपणाची नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे काम आपण शिकल्यासवरल्या तरुणांनीच अंगावर घेतले पाहिजे. स्टुडिओत गेल्यावर शाई डाय की पिगमेंट, करड्या शाया आहेत की नाहीत, हे विचारावे. प्रत ट्यूबलाइटखाली पाहावी, तशीच बाहेर उजेडातही पाहावी. ती थेट उन्हात टांगू नये. आणि जुना फोटो कदापि टाकू नये. तो चांदीच्या सूक्ष्म कणांनी उमटलेला आहे, म्हणूनच इतकी वर्षे टिकला. आपली प्रतही पुढच्या पिढीपर्यंत टिकावी, एवढी काळजी आपण घ्यायला नको काय?