दोन डब्यांतला इतिहास

दिवाळीत अंगणातल्या किल्ल्यावर मांडावयाची इंच-दीड इंच उंचीची मातीची चित्रे कशी रंगवावीत, हा विषय साहित्यसभेच्या पत्रिकेत यावा एवढा मोठा आहे काय, असे काही ज्येष्ठ सभासद विचारतील. आमच्या मते आहे. किंबहुना तो यापूर्वीच यावयास हवा होता.

किल्ला करण्याची चाल मूळची पश्चिम महाराष्ट्राची. पैनगंगेच्या अलीकडे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या घरांत ती शिरली असेल, तर सोयरिकीतून आणि मुलांच्या हौसेतून. ती आली याचा आम्हांस आनंदच आहे. तक्रार आहे ती रंगांच्या दोन डब्यांविषयी. एक भगवा, एक हिरवा. आपले तेवढे सारे भगवे, शत्रू तेवढे सारे हिरवे. बाजारातून साच्याची चित्रे आणली तरी तीच तऱ्हा, आणि घरी रंगविली तरी बाजाराचीच नक्कल.

गेल्या दिवाळीत आमच्यापैकी एकाच्या अंगणात शेजारचा, उर्दू बोलणाऱ्या घरातला मुलगा किल्ला पाहावयास आला. दोघेही एकाच वर्गातले. त्याने सहज विचारले, यात आमचे लोक कोणते? यजमानांच्या नातवाने तितक्याच सहजपणे तटाखाली आडवी पाडलेली हिरवी चित्रे दाखविली. त्यात द्वेष मुळीच नव्हता. त्याच्या डब्यांत दुसरे उत्तरच नव्हते.

ते उत्तर खोटे आहे, हे आपण मोठ्यांनी तरी जाणले पाहिजे. 1659 साली प्रतापगडाच्या भेटीस महाराजांबरोबर जे निवडक अंगरक्षक गेले, त्यांत सिद्दी इब्राहीमचे नाव येते. स्वराज्याच्या आरमारावर दौलतखान होता. उलट, 1665 साली पुरंदरावर चालून आलेल्या मोगल फौजेचे सेनापती मिर्झाराजे जयसिंग होते, आणि 1656 साली ज्यांच्याकडून जावळी घ्यावी लागली ते मोरे तर मराठेच. 1761 साली पानिपतावर भाऊसाहेबांचा तोफखाना इब्राहीमखान गारद्याकडे होता. त्या चाकरीपायी त्याने प्राण गमावले. निंबाळकर घराण्यातील रावरंभा मात्र निजामाच्या पदरी होते. या माणसांना कोणत्या डब्यात बुडवावयाचे?

आणि या मुलखात राहणाऱ्यांनी तर 1677 हे साल विसरू नये. दक्षिणेच्या मोहिमेवर निघालेले महाराज आधी भागानगरास, म्हणजे आजच्या हैदराबादेस, अबुल हसन कुतुबशहाच्या भेटीस गेले. त्या दरबारचा कारभार अक्कण्णा-मादण्णा या बंधूंच्या हाती होता. कुतुबशहाशी सख्य करून निघालेल्या त्या मोहिमेतच जिंजी हाती आली. जुलै 2025 मध्ये मराठ्यांचे जे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, त्यांत तमिळनाडूतील ही जिंजीही आहे. तिच्या यशाचा वाटेकरी आपल्या अंगणात हिरवा रंग फासून शत्रूंच्या रांगेत उभा करावा काय?

भगवा हा आमचा मानाचा रंग, असे कोणी म्हणेल. तो मान आम्हांसही आहे. गडावरचा झेंडा भगवाच राहावा. परंतु मावळ्यांना एकसारखा गणवेश नव्हता. बहुतेकांच्या अंगी साधे, मळके सुती कापडच असावे. त्यांना झेंड्याच्या रंगात बुडविल्याने त्यांचा मान वाढत नाही, उलट त्यांचे माणूसपण पुसले जाते. हा पोरखेळ आहे, एवढे मनावर का घेता, असेही कोणी म्हणेल. एच. जी. वेल्स यांनी 1913 साली खेळण्यातील सैनिकांच्या लढायांचे नियम पुस्तकरूपाने मांडले. तेव्हापासून हा छंद जोपासणारी युरोपातील मोठमोठी माणसे एकेका पलटणीच्या अंगरख्याचा रंग जुनी चित्रे पाहून ठरवितात. आपण मुलांना एवढाही विचार शिकवू नये?

शिकवावयास दूर जावे लागत नाही. 2016 पर्यंत आपल्याच जिल्ह्यात असलेल्या निर्मळच्या नकाशांचे काम पाहावे. पोणिकीचे हलके लाकूड कोरून, चिंचोक्याची खळ आणि लाकडाचा भुसा यांनी सांधे बुजवून, वर पांढऱ्या मातीचा हात दिल्यावरच ते रंगाला हात घालतात. म्हणून त्यांचे प्रत्येक पाखरू वेगळे दिसते.

मुलांनीही तसेच करावे. वाळलेल्या चित्रास प्रथम खडूचा पातळ हात द्यावा. मग कातडीचा, कापडाचा रंग. काहींना गेरू, काहींना मळकट पांढरा, पागोटी निरनिराळी. तो वाळल्यावर काजळीचे पाणी सोडले की चुण्या उठून दिसतात, आणि उंचवट्यांवर फिका रंग टेकविला की इवल्याशा चित्रासही उजेड मिळतो. तळाशी फुटक्या कौलाचा तुकडा चिकटवून त्यावर किल्ल्याचीच माती चाळून टाकावी, म्हणजे चित्र जमिनीचे वाटते. हिरवळीस अळीव आहेच. प्रमाणही सांभाळावे. अडीच सेंटिमीटरचा मावळा घेतला, तर सहा मीटरचा तट नऊ सेंटिमीटरचा हवा. बाजारी चित्र त्या तटाहून उंच ठरते, आणि त्याचा पहारा हास्यास्पद होतो.

आमचे सांगणे एवढेच. यंदा चित्रे मांडण्यापूर्वी प्रत्येकास मुलांनी नाव द्यावे, तो कोणाकडून आणि का लढला ते आजोबांस विचारावे. आजोबांस ठाऊक नसेल, तर दोघांनी मिळून पुस्तक उघडावे. मग शेजारच्या मुलालाही एक कुंचला द्यावा. आपले लोक कोणते, हे त्याला विचारावे लागू नये.