एक नव्हे, दोन पुस्तके सुचवावीत



'एखादे चांगले पुस्तक सुचवा' ही विनंती मराठीच्या विद्यार्थ्याला नातेवाईक, शेजारी आणि सहकारी वारंवार करतात. मराठी घेऊन पदवीचा अभ्यास करणाऱ्याला पुस्तकांतले कळते, असा समाजाचा समज असतो आणि तो अगदीच निराधार नाही. मात्र विनंती करणाऱ्याला पुष्कळदा कादंबरी किंवा कवितासंग्रह नको असतो. त्याला इतिहास, आरोग्य, शेती, हवामान, पैसा, समाज यांपैकी कशाबद्दल तरी नीट समजून घ्यायचे असते. कथा, कादंबरी, कविता आणि नाटक यांच्या अभ्यासात रमलेला विद्यार्थी अशा वेळी थबकतो आणि यशस्वी माणसांची दोन-चार चरित्रे सांगून मोकळा होतो. ललितेतर पुस्तकाची शिफारस कशी करावी, याविषयी प्रस्तुत लेखात एक आग्रह मांडला आहे. तो असा की, ललितेतर विषयावर कोणालाही एकच पुस्तक सुचवू नये. दोन सुचवावीत, आणि ती दोनच का निवडली, हेही सांगावे.

१. शिफारशीची जबाबदारी

कादंबरी सुचवताना आपली निवड चुकली, तर वाचकाची एखादी संध्याकाळ वाया जाते. तो पुस्तक मिटवतो आणि विसरतो. ललितेतर पुस्तकाचे तसे नसते. ते 'हे असे आहे' किंवा 'हे असे घडले' असा दावा करते. वाचक त्या दाव्यावर विश्वास ठेवतो, तो चारचौघांत बोलून दाखवतो, कधी त्यानुसार मत देतो, औषध घेतो किंवा शेजाऱ्याविषयी ग्रह करून घेतो. ज्याने आयुष्यात एखाद्या विषयावर एकच पुस्तक वाचले आहे, त्याला त्या पुस्तकाची सीमा दिसत नाही. पुस्तक संपते तेथे विषयही संपला, असे त्याला वाटते. अशा वाचकाचा अभ्यासक होण्याऐवजी अनुयायी होतो.

दुसरे पुस्तक हातात आले की ही सीमा दिसू लागते. हे दुसरे पुस्तक पहिल्याचे खंडन करणारेच असले पाहिजे, असे नाही. पहिला लेखक ज्या जागी उभा राहू शकत नव्हता, त्या जागेवरून तोच विषय पाहणारे ते असावे. काही उदाहरणांनी हे स्पष्ट होईल.

२. कोराडीच्या दारातला प्रश्न

नागपूरच्या उत्तरेला, कामठी तालुक्यात कोराडी आहे. जगदंबेचे मंदिर आणि नवरात्रातील यात्रा यांमुळे हे नाव भाविकांना ठाऊक असते. उरलेल्या महाराष्ट्राला ते औष्णिक विद्युत केंद्रामुळे माहीत आहे. १९७४ पासून येथे वीजनिर्मिती होत आली आहे आणि आज ६६० मेगावॅट क्षमतेचे तीन मोठे संच येथे उभे आहेत. तलाव, मंदिर, कोळसा, धुराडी आणि राख ही सारी येथील रहिवाशाला रोज दिसतात. पाळीत काम करून मुक्त विद्यापीठातून पदवी घेणारा येथील एखादा विद्यार्थी 'ऊर्जेविषयी काहीतरी वाचायला सांगा' असे म्हणाला, तर त्याच्या प्रश्नामागे त्याचे घर, त्याचा पगार आणि त्याच्या मुलांचा श्वास असतो. 'ज्ञानवर्धक पुस्तक' एवढ्या वर्णनाने त्याचे समाधान होणार नाही.

त्याला गिरीश कुबेर यांचे 'हा तेल नावाचा इतिहास आहे' हे पुस्तक सुचवता येईल. त्यात कोळशाऐवजी खनिज तेलाची कथा आहे. तरीही इंधनासाठी राष्ट्रे कोणत्या थराला जातात, कंपन्या आणि सरकारे यांचे हितसंबंध कसे गुंततात, हे वाचल्यावर आपल्या घरातील दिव्याच्या बटणामागे केवढे राजकारण उभे आहे, याची जाणीव होते. पण ही कथा मुख्यत्वे सत्तेची आहे. इंधन जळल्यानंतर हवेचे, पाण्याचे आणि माणसाचे काय होते, हा तिचा मध्यवर्ती विषय नाही. म्हणून तिच्या जोडीला अतुल देऊळगावकर यांचे 'विश्वाचे आर्त' द्यावे. पर्यावरणाच्या आणि हवामानाच्या संकटाकडे ते जगाच्या पातळीवरून पाहते. पहिले पुस्तक इंधनाची हाव समजावते, दुसरे तिची किंमत. केवळ पहिले वाचणाऱ्याला प्रदूषण ही प्रगतीसोबतची किरकोळ तक्रार वाटेल. केवळ दुसरे वाचणाऱ्याला वीज केंद्र हे निव्वळ संकट वाटेल आणि त्यावर चालणाऱ्या हजारो चुली त्याच्या नजरेआड होतील. कोराडीच्या वाचकाला या दोन्हींच्या मधोमध राहावे लागते. त्याची शिफारसही त्याला तेथेच भेटली पाहिजे.

३. गाव कोणी पाहिले?

वीज केंद्राच्या वसाहतीत राहणाऱ्या अनेकांची मुळे कोणत्या ना कोणत्या खेड्यात असतात. गावाच्या जुन्या रचनेविषयी विचारणा झाली की जाणकार मंडळी त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' या १९१५ च्या ग्रंथाचे नाव घेतात. ते योग्यच आहे. वतने, बलुती, कुणब्याचा संसार, गावात येणारे फिरस्ते, देणीघेणी या साऱ्यांचा इतका बारीक तपशील देणारा आणि इतक्या रसरशीत बोलीचा वापर करणारा दुसरा ग्रंथ त्या काळात सापडणे कठीण. मराठीच्या विद्यार्थ्याने तर तो शब्दसंपत्तीसाठीही वाचावा.

परंतु आत्रे महसूल खात्यातील अधिकारी होते. त्यांना गाव दिसले ते प्रशासकाच्या नजरेतून. कुणब्याविषयी त्यांना कळकळ आहे. भटक्या जमाती मात्र त्यांना प्रामुख्याने कुणब्यावरचा भार म्हणून दिसतात. याच लेखकाने 'गुन्हेगार जाती' या नावाचेही पुस्तक लिहिले होते. इंग्रज सरकारने १८७१ च्या कायद्याने अनेक जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला होता आणि तो कायदा स्वतंत्र भारतात १९५२ मध्ये रद्द झाला. म्हणजे 'गावगाडा' लिहिला गेला तेव्हा हा शिक्का कायद्याने मान्य होता आणि लेखक त्याच राज्ययंत्रणेचा घटक होता.

म्हणून 'गावगाडा'सोबत लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' हे आत्मकथन सुचवावे. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या आणि साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेल्या या पुस्तकात असा शिक्का बसलेल्या समाजात जन्मलेला मुलगा स्वतः बोलतो. आत्रे ज्याला गावाच्या वेशीबाहेरून आलेली कटकट समजतात, तेच येथे एक घर असते. त्या घरात भूक असते, पोलिसांची धाड असते आणि शाळेत जाण्याचे धाडसही असते. दया पवार यांचे 'बलुतं' (१९७८) हेही या जोडीला शोभते, कारण आत्र्यांनी ज्या बलुत्याची व्यवस्था वर्णिली, तिचा वाटा पदरात पडणे म्हणजे काय, हे ते आतून सांगते. या वाचनाने 'गावगाडा'चे मोल उणावत नाही. उलट त्याच्या तपशिलाचा उपयोग कसा करावा आणि त्याच्या निष्कर्षांपाशी कोठे थांबावे, हे वाचकाला कळू लागते.

४. शहर आणि स्वयंपाकघर

हीच कसोटी जवळच्या नागपूर शहराला लावून पाहू. वसंत मून यांचे 'वस्ती' हे आत्मकथन नागपुरातील एका दलित वस्तीत घडलेल्या बालपणाचे आणि तारुण्याचे चित्रण करते. आंबेडकरी चळवळ सभांच्या व्यासपीठावरून खाली उतरून गल्लीत, आखाड्यात आणि शाळेत कशी जगली जात होती, हे त्यातून समजते. मून हे पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या लेखन-भाषणांच्या शासकीय खंडांचे संपादक झाले. त्यांच्या या पुस्तकाला उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या 'आम्हीही इतिहास घडवला' या ग्रंथाची जोड द्यावी. चळवळीतील स्त्रियांच्या मुलाखती आणि कागदपत्रे यांतून तो सिद्ध झाला आहे. जुलै १९४२ मध्ये नागपुरात दलित महिलांची अखिल भारतीय परिषद भरली होती, ही घटना अशा ग्रंथाच्या अभावी किती जणांच्या स्मरणात राहिली असती? एक पुस्तक एका माणसाच्या स्मृतीवर उभे आहे, दुसरे अनेकींच्या साक्षीवर. स्मृती आणि साक्ष यांतील फरक शिकवण्यास याहून जवळचे उदाहरण शोधण्याची गरज नाही.

आता एक घरगुती जोडी. कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने १९७० पासून मराठी घराघरांत जागा मिळवली. पाककृतींच्या पुस्तकाला साहित्याच्या चर्चेत सहसा स्थान मिळत नाही. परंतु स्पष्ट, क्रमबद्ध आणि नेमके गद्य कसे लिहावे, याचा तो वस्तुपाठ आहे. मात्र 'महाराष्ट्रीय जेवण म्हणजे काय' या प्रश्नाचे उत्तर म्हणून एवढेच पुस्तक पुढे केले, तर तेल, तूप, साखर ज्यांच्या घरात क्वचितच येत असे, त्या स्वयंपाकघरांना आपण महाराष्ट्राबाहेर घालवतो. शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक मराठवाड्यातील दलितांच्या अन्नाची नोंद करते. परिचित वचनाला एक 'अ' जोडून त्यांनी जे म्हटले आहे, ते समजण्यासाठी दोन्ही पुस्तके एकाच फळीवर हवीत.

५. दोन आक्षेप

पहिला आक्षेप वेळेचा. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला एक पुस्तक वाचणे जड जाते, तेथे दोन कोठून? हा आक्षेप खरा आहे. त्याला उत्तर असे की, दुसरे पुस्तक लगेच आणि पूर्ण वाचले पाहिजे, असा आग्रह नाही. त्याचे नाव कळणे आणि ते का सांगितले हे कळणे, एवढ्यानेही पहिल्या पुस्तकाचे वाचन बदलते. पुढे एखादे प्रकरण चाळले तरी पुरे. पुस्तके विकतच घ्यावी लागतात असेही नाही. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळे राज्यभर शासनमान्य ग्रंथालयांचे जाळे उभे राहिले आहे. वाचकांनी मागणी नोंदवली नाही, तर तेथील कपाटांत त्याच त्या लोकप्रिय पुस्तकांची भर पडत राहते. एखाद्या शब्दाची वा सनावळीची शंका आल्यास मराठी विश्वकोश आता संगणकावर आणि मोबाइलवरही विनामूल्य पाहता येतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. प्रत्येक विषयाला दोन बाजू असतात असे मानले, तर खऱ्याच्या शेजारी खोटेही मानाने बसेल. येथे स्पष्ट भेद करायला हवा. लसीकरणाची माहिती देणाऱ्या पुस्तकासोबत लसीविषयी अफवा पसरवणारे पुस्तक देणे हा निःपक्षपात नव्हे, तो बेजबाबदारपणा आहे. दोन्ही लेखकांनी पुराव्याशी किंवा स्वतःच्या अनुभवाशी इमान राखले असले पाहिजे, ही जोडीची पहिली अट होय. शिवाय काही वेळा दुसरे 'पुस्तक' पुस्तकच नसते. डॉ. अभय बंग यांचे 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' अनेकांनी अनेकांना दिले आणि त्यातून पुष्कळांना धीर मिळाला. तरीही ते एका माणसाच्या आजाराचे आणि आत्मशोधाचे कथन आहे. छातीत दुखत असलेल्या माणसाला ते देताना 'आधी आपल्या डॉक्टरांना दाखवा' हे वाक्य त्यासोबत गेलेच पाहिजे. तेथे तीच खरी जोड ठरते.

६. शिफारस हीच समीक्षा

या साऱ्यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. जोडी लावण्यासाठी पहिल्या पुस्तकाची मर्यादा ओळखावी लागते. मर्यादा ओळखण्यासाठी लेखक कोण, त्याने पाहिले कोठून, त्याचा पुरावा कोणता आणि त्याच्या नजरेतून सुटले काय, हे विचारावे लागते. पाठ्यपुस्तकात ज्याला आपण समीक्षा म्हणतो, तिची सुरुवात याच प्रश्नांपासून होते. 'फार छान आहे, जरूर वाचा' या वाक्यात पुस्तकाविषयी काहीच नसते. 'आत्र्यांचे हे वाचा, गावाचा तपशील याच्याइतका अन्यत्र मिळणार नाही. मात्र फिरस्त्यांविषयी ते सांगतात तेथे थांबा आणि गायकवाडांना विचारा' हे वाक्य मात्र समीक्षकाचे आहे. ते कोणत्याही चहाच्या टपरीवर बोलता येते.

स्पर्धा परीक्षांच्या तयारीमुळे ललितेतर पुस्तक म्हणजे पाठ करण्याची माहिती, असा समज अलीकडे दृढ होत चालला आहे. परीक्षेतील प्रश्नाला एकच अचूक उत्तर असते आणि ते तसेच असावे लागते. गावाचे, शहराचे, अन्नाचे आणि ऊर्जेचे प्रश्न तसे नाहीत. मराठीच्या पदवीधराकडे समाज पुस्तकाचे नाव विचारतो, तेव्हा या दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नांशी प्रामाणिकपणे वागण्याची संधी त्याला मिळते. ती एका नावावर संपवू नये.

स्वाध्याय

१. आपल्या गावातील किंवा वस्तीतील एक प्रत्यक्ष प्रश्न निवडा. त्यासाठी दोन ललितेतर मराठी पुस्तके सुचवून दोन्हींची निवड प्रत्येकी चार वाक्यांत स्पष्ट करा.

२. 'गावगाडा' आणि 'उचल्या' यांतील भटक्यांच्या चित्रणाची तुलना करा. लेखकाच्या सामाजिक स्थानाचा निवेदनावर कोणता परिणाम झाला आहे, ते सोदाहरण लिहा.

३. 'पाककृतींचे पुस्तक हे गद्याच्या अभ्यासाचा विषय होऊ शकते.' या विधानाविषयी आपले मत सकारण मांडा.